पेशंटला पाठवायच्या आधी प्रश्न पाठवा: कॅन्सरच्या नवीन डॉक्टरांनी एकमेकांसोबत काम कसं करायचं

काणकोणहून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, यायचं म्हणजे पेशंटचा अख्खा दिवस जातो. पहाटेची कदंबची बस पकडायची, मडगावला बदलायची, मग ओपीडीत नंबर लागेपर्यंत अकरा वाजतात. आता अशा माणसाला सर्जरीवाल्यांनी "रेडिएशनचं ओपिनियन घेऊन या" म्हणून कागद दिला, रेडिएशनवाल्यांनी "आधी एमआरआय करून या" म्हणून परत लावलं, एमआरआय बघून मेडिकल ऑन्कोलॉजीने (केमो आणि औषधं देणाऱ्यांनी) "बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणा" सांगितलं, की झाले तीन आठवडे. उपचार शून्य. यात कुणीच चुकीचं काही सांगितलेलं नसतं, तीनही सल्ले बरोबरच असतात, फक्त ते तीन डॉक्टर आपसात बोललेले नसतात आणि त्यांचं बोलणं पेशंट आपल्या पिशवीतून इकडून तिकडे वाहत असतो.

हे लिहितेय ते नुकतेच डीएम, एमसीएच किंवा रेडिएशनची एमडी करून एसआर (सीनियर रेसिडेंट) म्हणून लागलेल्यांसाठी, आणि अजून रेसिडेन्सीत असलेल्यांसाठी. मी स्वतः मेडिकल ऑन्कोलॉजीतली. ट्रेनिंगमध्ये आपल्याला आपापलं काम नीट शिकवतात, पण शेजारच्या डिपार्टमेंटसोबत काम कसं करायचं ते सहसा कुणी बसून शिकवत नाही, ते बघून बघून उचलायचं असतं. आणि खरं सांगायचं तर हे काम ज्युनिअर लोकच करतात. सरांची सही शेवटी होते, पण फोन कोण करतं, स्लाइड कोण शोधतं, पेशंटला परत कधी बोलवायचं ते कोण ठरवतं? आपणच ना.

याने फरक पडतो का असं कुणी विचारलं तर ग्लासगोचा अभ्यास दाखवा. तिथे १९९५ मध्ये ग्रेटर ग्लासगोच्या हॉस्पिटलांत ब्रेस्ट कॅन्सरसाठी सगळ्या स्पेशालिटींची एकत्र टीम सुरू झाली, पश्चिम स्कॉटलंडच्या शेजारच्या भागांत तेव्हा नव्हती. १३,७२२ बायकांची माहिती तपासल्यावर दिसलं की टीम असलेल्या भागात ५ वर्षांतले ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू शेजारच्या भागांपेक्षा १८ टक्के कमी होते. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. हा काही रँडमाइज्ड ट्रायल नाही, पण टीम सुरू व्हायच्या आधी त्याच भागात मृत्यू उलट जास्त होते, हे लक्षात घ्या.

प्रश्न नेमका लिहा

रेफरन्सच्या कागदावर "काइंडली गिव्ह युअर व्हॅल्युएबल ओपिनियन" हे वाक्य लिहायचं पहिल्यांदा बंद करा. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही, मग तो सगळी फाइल वाचतो किंवा (जास्त वेळा) वाचत नाही आणि एक सेफ उत्तर लिहून मोकळा होतो. त्याऐवजी हिस्टरी दोन ओळीत, आतापर्यंत काय झालं ते एका ओळीत, आणि मग प्रश्न. तोही असा की उत्तरामुळे तुमचा प्लॅन बदलेल. उदाहरणार्थ रेडिऑलॉजीला लिहायचं तर: "वय ५२, डाव्या गालाच्या आतला कॅन्सर, तोंड दोन बोटंच उघडतं, बायोप्सी स्क्वॅमस. प्रश्न: खालच्या जबड्याचं हाड गेलंय का? नसेल गेलं तर हाडाची फक्त कड काढू, गेलं असेल तर पूर्ण तुकडा काढून प्लास्टिक सर्जरीची टीम लागेल." आता रेडिऑलॉजिस्टला माहीत आहे की त्याच्या एका ओळीवर ऑपरेशन किती मोठं होणार ते ठरतंय, तो ते हाड दहा वेळा बघेल. "सीटी फेस अँड नेक, स्टेजिंग" एवढंच लिहिलंत तर रिपोर्टमध्ये हाडाबद्दल कदाचित एक शब्दही नसेल आणि मग पुन्हा फोन, पुन्हा वाट.

पॅथॉलॉजीचंही तसंच. सॅम्पलसोबतच्या फॉर्मवर क्लिनिकल माहितीचा रकाना रिकामा ठेवून पाठवणं ही आपल्याकडची जुनी सवय, ती आपल्या पिढीने सोडावी असं मनापासून वाटतं. पेशंटला आधी केमो झालीय हे पॅथॉलॉजिस्टला माहीत नसेल तर तो समोर दिसतंय ते वेगळंच वाचेल. ब्रेस्टचं स्पेसिमेन असेल तर ओटीतच टाके लावून दिशा दाखवा, शॉर्ट म्हणजे सुपिरिअर (वरची बाजू) आणि लाँग म्हणजे लॅटरल (बाहेरची बाजू), आणि फॉर्मवर छोटं चित्र काढा. फॉर्मलिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड हवं, ते लवकरात लवकर आणि भरपूर, आणि हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टूच्या (कुठलं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या) टेस्टसाठी सॅम्पल त्यात ६ ते ७२ तास राहायला हवं. शनिवारी दुपारी ऑपरेशन, सोमवारी कसली तरी सुट्टी, आणि सॅम्पल तसंच पडून, हे गणेश चवथीच्या आठवड्यात सहज होऊ शकतं, तेव्हा कुणाला सांगून ठेवायचं ते आधीच ठरवा. हे सर्जनचं काम की माझं असा वाद घालू नका, हर-टू चुकीचा निगेटिव्ह आला तर त्यावरचं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, मला देता येणार नाही, म्हणजे ते माझंही काम झालं.

आणि अजून एक गोष्ट, लिहिलेला कागद पाठवून झाल्यावर फोन करा. शक्य असेल तर चालत जा. गोवा लहान आहे, आपले बहुतेक लोक एकाच कॅम्पसवर किंवा फार तर तासाभराच्या अंतरावर आहेत, मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना ही सोय नसते. पाच मिनिटं स्क्रीनसमोर उभं राहून दोघांनी सीटी बघितला की जे कळतं ते रिपोर्ट चार वेळा वाचून कळत नाही.

ट्यूमर बोर्डच्या आधी आणि नंतर

ट्यूमर बोर्ड म्हणजे सगळ्या स्पेशालिटींनी एकत्र बसून केस ठरवायची मीटिंग. ती एक तासाची असते, खरं काम तिच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर असतं. आधी म्हणजे: केसची यादी रेडिऑलॉजी आणि पॅथॉलॉजीला किमान दोन दिवस आधी पोचली पाहिजे, बाहेरच्या लॅबमध्ये बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक मागवून आपल्याकडे पुन्हा वाचून घेतलेले असावेत, स्कॅनची सीडी उघडते की नाही ते तपासलेलं असावं (हसू नका, कितीतरी मीटिंग यातच जातात). प्रत्येक केसच्या वर एक प्रश्न. "केस फॉर डिस्कशन" हा प्रश्न नव्हे.

आणि पेशंटची माहिती, म्हणजे फक्त स्टेज नाही. चालतो का, जेवतो का, घरी कोण आहे, रोज येऊ शकतो का. ऑपरेशननंतरचं तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन म्हणजे साधारण ६ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून रोज येणाऱ्या माणसाला हे झेपणार नसेल तर राहायची सोय कुठे होईल ते सोशल वर्करने बोर्डच्या आधी बघितलेलं असावं, नाहीतर कागदावर उत्तम प्लॅन आणि दुसऱ्या आठवड्यात पेशंट गायब. रेक्टमच्या काही पेशंटना ५ दिवसांचा रेडिएशनचा शॉर्ट कोर्स, एकूण २५ ग्रे (रेडिएशनचं माप), चालू शकतो, तो कुणाला द्यायचा हे एमआरआयवर आणि पुढच्या प्लॅनवर ठरतं, पण पेशंट कुठून येतो ही माहितीच टेबलावर नसेल तर तो पर्याय कुणाला सुचणारही नाही.

योजनेचंही आधीच बघा. गोव्यात ५ वर्षं राहणाऱ्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना (राज्य सरकारची आरोग्य विमा योजना) असते, २०१६ ला सुरू झालेली. पण आपल्याकडे सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळहून, कारवारहूनही लोक येतात, त्यांचं गणित वेगळं, कागद वेगळे. औषध ठरवून झाल्यावर पैशांचा विषय काढला की प्लॅन परत पहिल्यापासून करावा लागतो.

मीटिंग संपताना प्रत्येक केसला तीन गोष्टी लिहा: काय ठरलं, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत. "कोण" च्या जागी डिपार्टमेंटचं नाव लिहू नका, माणसाचं नाव लिहा. "रेडिएशन" फोन उचलत नाही, माणूस उचलतो. आणि त्याच दिवशी पेशंटला एकाच डॉक्टरने सगळं सांगावं, तिघांनी तीन तऱ्हेने नको. कोण सांगणार आणि कुठल्या भाषेत, कोकणी, मराठी, कन्नड, हेही तिथेच ठरवून टाका.

अवघड, दुर्मिळ केस असेल तर आपल्यापुरतं ठेवू नका. नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ मध्ये टाटा मेमोरिअलच्या पुढाकाराने सुरू झालं, देशभरातली ३०० हून जास्त सेंटर्स त्यात आहेत, त्यांच्या गाइडलाइन्स सगळ्यांना उघड्या आहेत आणि ऑनलाइन ट्यूमर बोर्डसुद्धा होतात. सरांना विचारून लिंक घ्या आणि आधी नुसतं ऐकायला बसा. दुसऱ्या गावातले लोक एकाच केसवर कसे भांडतात आणि कसे एकमत करतात ते ऐकण्यासारखं असतं.

दुसऱ्यांच्या खोलीत जाऊन बसा

हा माझा सगळ्यात आवडता सल्ला. महिन्यातून अर्धा दिवस तरी दुसऱ्या स्पेशालिटीत जाऊन बसा, ऑब्झर्व्हर म्हणून, हातात चहा नाही, वही घेऊन. सर्जन असाल तर रेडिएशनच्या प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरसमोर बसा. ब्रेस्टचा बूस्ट (गाठीच्या जागी जादा रेडिएशन) प्लॅन करताना गाठ नेमकी कुठे होती हे शोधण्यात त्यांचा किती वेळ जातो ते एकदा बघितलंत की पुढच्या ऑपरेशनला कॅव्हिटीत (गाठ काढलेल्या पोकळीत) खुणेची क्लिप लावायला तुम्ही विसरणार नाही. मेडिकलवाले असाल तर एकदा ऑपरेशन बघा. आपण केमो आधी देऊन गाठ विरघळवतो आणि खूश होतो, पण आधी मार्कर क्लिप लावलेली नसेल तर सर्जनला आता कुठलं टिश्यू काढायचं तेच दिसत नाही. म्हणजे केमोच्या पहिल्या सायकलच्या आधी रेडिऑलॉजीला फोन जायला हवा आणि तो फोन माझा.

रेडिएशनवाल्यांनी डेंटिस्टकडे जाऊन बसावं. खराब दात रेडिएशननंतर काढले तर जबड्याचं हाड मरायची भीती असते, म्हणून काढायचे ते आधी, आणि जखम भरायला १० ते १४ दिवस द्यायचे. पण ऑपरेशननंतर ६ आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पेशंट ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात डेंटिस्टकडे पोचला तर वेळ उरतच नाही. तेच दात ऑपरेशनच्या टेबलवर, भूल दिलेली असतानाच काढले असते तर? काढता येतात, फक्त डेंटिस्टने पेशंटला ऑपरेशनच्या आधी बघितलेलं पाहिजे. असं एकमेकांच्या घड्याळाची माहिती असणं म्हणजेच टीम, बाकी सगळं कागदपत्र.

जे लोक यादीत राहून जातात

आपण ऑन्कोलॉजीतले तीन भाऊ-बहीण आपसात बोलतो आणि बाकीच्यांना विसरतो. छातीच्या डॉक्टरांशी मैत्री करा, कारण फुफ्फुसात सावली दिसली की टीबी समजून महिनोन् महिने गोळ्या चालू राहिलेले पेशंट आपल्याकडे उशिरा पोचतात, त्यांना दोष देऊन काही होत नाही, आपल्या देशात टीबी आहेच इतका. पण "गोळ्या सुरू करून ठरलेल्या मुदतीत फरक नाही पडला तर मला फोटो पाठवा, मी बायोप्सीची सोय बघते" असं सांगून ठेवलं तर फोन येतात. फिजिशियन आणि ईएनटीवाल्यांना एक सांगून ठेवा: लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका असेल तर श्वास अडकल्यासारखी इमर्जन्सी सोडून बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड नको, गाठ बसते आणि निदानही बसतं.

कार्डिऑलॉजीकडे ट्रॅस्टुझुमॅबच्या आधी आणि मग दर ३ महिन्यांनी इको लागतो, त्यासाठी दरवेळी नवीन रेफरन्स लिहिण्याऐवजी त्यांच्याशी बसून एकदाच ठरवा. कुठल्या आकड्याला औषध थांबवायचं, कुठल्या आकड्याला फक्त फोन करायचा. केमोच्या आधी हिपॅटायटिस बी तपासा आणि पॉझिटिव्ह आला तर गॅस्ट्रोवाल्यांना त्याच दिवशी सांगा, रितुक्सिमॅब हे लिम्फोमाचं औषध द्यायचं असेल तर हे अजिबात सोडू नका. तरुण पेशंट असेल, बाई असो वा पुरुष, तर मूल हवंय का हा प्रश्न केमोच्या पहिल्या दिवसाच्या आधी विचारायचा असतो आणि गायनॅकच्या मैत्रिणीला लगेच फोन करायचा असतो. लग्न न झालेल्या मुलीला हे कसं विचारायचं म्हणून आपण गप्प बसतो. आईला दोन मिनिटं बाहेर बसवून विचारा. तिला नंतर कळण्यापेक्षा आत्ताचा अवघडलेपणा परवडला.

डाएटिशियन. तोंडाचं रेडिएशन चालू असताना आपले पेशंट पेजेवर राहतात, घरचे प्रेमाने दिवसातून चार वेळा पेज देतात आणि वजन तरी उतरतच राहतं कारण पेजेत पाणीच जास्त. डाएटिशियन पहिल्या आठवड्यात भेटली तर त्याच पेजेत काय घालायचं ते सांगते, पाचव्या आठवड्यात भेटली तर नाकातून नळी.

पॅलिएटिव्ह केअरला शेवटी बोलवायचं ही समजूत आपल्यातही घट्ट आहे. २०१० मध्ये अमेरिकेत पसरलेल्या लंग कॅन्सरच्या १५१ पेशंटवर झालेल्या ट्रायलमध्ये ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम भेटली ते जास्त बरे राहिले आणि जास्त जगलेही, ११.६ महिने विरुद्ध ८.९. तेव्हा स्टेज चारचं निदान झालं की पहिल्याच भेटीत त्यांची ओळख करून द्या, "दुखणं आणि झोप बघणारे आमचेच डॉक्टर" म्हणून.

दोन सरांचं जमत नसेल तर

होतं असं. एका सरांना आधी केमो हवी, दुसऱ्या मॅडमना आधी ऑपरेशन, आणि मधे तुम्ही. यात निरोप्या व्हायचं नाही. "सर म्हणाले की" "मॅडम म्हणाल्या की" असं दोन फेऱ्या केलंत की दोघंही हट्टाला पेटतात, आणि मूळ मुद्दा कुठे गेला ते कळत नाही. दोघांना एका स्क्रीनसमोर आणा, नाहीच जमलं तर एकाच कॉलवर. आणि प्रश्न असा विचारा: "सर, काय दिसलं तर तुम्ही आधी ऑपरेशनला हो म्हणाल?" बहुतेक वेळा उत्तर एखाद्या तपासणीत असतं, एक नोड, एक एमआरआय, आणि भांडण तिथेच संपतं. नाही संपलं तर दोन्ही मतं फाइलमध्ये लिहा, कारणांसकट, आणि पेशंटला दोन्ही पर्याय सांगा. पेशंटसमोर दुसऱ्या डिपार्टमेंटबद्दल वाईट कधीच बोलू नका, उशीर त्यांच्यामुळे झाला असला तरी. त्याला उद्या त्यांच्याच हाताखाली झोपायचंय.

व्हॉट्सॲपवरचं एक सांगते. ग्रुप हवेतच, त्याशिवाय काम होत नाही. पण नाव, फाइल नंबर, चेहरा काढूनच फोटो टाका, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे आणि कायदा नसता तरी गोव्यात कोण कुणाचा मावसभाऊ निघेल सांगता येत नाही. आणि ग्रुपवर ठरलेलं फाइलमध्ये उतरलं नाही तर ते ठरलेलंच नाही असं समजा. रात्री दीडला "ओके सर" वर केमो सुरू होता कामा नये.

इमर्जन्सीत मात्र सगळं उलट, आधी फोन मग कागद. कॅन्सरच्या पेशंटला पाठदुखीसोबत पायात अशक्तपणा आला की मणक्यावर दाब समजून चाला: डेक्सामेथासोन (स्टेरॉइड), २४ तासांच्या आत अख्ख्या मणक्याचा एमआरआय, आणि स्पाइन सर्जन आणि रेडिएशन दोघांना एकाच वेळी फोन. एकाचं झाल्यावर दुसऱ्याला नाही. पेशंट चालत आलाय तोवर वाचवण्यासारखं बरंच असतं.

गावातल्या डॉक्टरांना धरून ठेवा

केमोनंतर ताप येतो तेव्हा पेशंट आपल्याकडे येत नाही, तो वाळपईला जातो, पेडण्याला जातो, म्हापशाला किंवा मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलला जातो. पावसात ताप आणि प्लेटलेट कमी म्हटलं की तिथल्या डॉक्टरला डेंग्यू, लेप्टो आठवणार, सत्तरीत उन्हाळ्याच्या दिवसांत माकडताप, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण दहा दिवसांपूर्वी केमो झालीय हे त्याला कुणी सांगितलं? म्हणून प्रत्येक पेशंटच्या पिशवीत सगळ्यात वर एक पान ठेवा: निदान, कुठलं औषध, शेवटचा डोस कधी, आणि ठळक अक्षरात "ताप १००.४ किंवा वर असेल तर लगेच सीबीसी पाठवा, रिपोर्टची वाट न बघता तासाभरात अँटिबायोटिक सुरू करा आणि या नंबरवर फोन करा". नंबर ड्युटीचा असावा, तुमचा खाजगी नको, कारण तुम्ही सहा महिन्यांनी दुसरीकडे असाल. फोन आला तर नीट बोला. एकदा तुसडं उत्तर मिळालं की तो डॉक्टर परत कधीच फोन करत नाही.

एकत्र पेपर करायचा असेल तर

करा, मैत्री टिकवायला चांगलं निमित्त आहे. पण सुरुवात साध्या ऑडिटने करा: बायोप्सी रिपोर्ट आल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस गेले, आणि कुठल्या टप्प्यावर. सर्जरी, रेडिएशन, मेडिकल आणि पॅथॉलॉजी, चौघांतला एकेक जण घ्या. एथिक्स कमिटीचा कागद डेटा काढायच्या आधी, पहिलं नाव कुणाचं हे पहिल्याच बैठकीत, आणि डेटा भरणाऱ्या ज्युनिअरचं नाव यादीत आलंच पाहिजे. एक्सेलमध्ये रकाने थोडेच ठेवा: बायोप्सी केल्याची तारीख, रिपोर्टची, स्टेजिंग पूर्ण झाल्याची, बोर्डची, उपचार सुरू झाल्याची, आणि शेवटी तालुका. तालुक्याचा रकाना विसरू नका, पेडणे आणि काणकोणच्या ओळी तिसवाडीच्या, म्हणजे बांबोळी ज्या तालुक्यात आहे त्याच्या, ओळींशेजारी ठेवून बघितल्या की पुढच्या बोर्डमध्ये काय मागायचं ते तुम्हालाच दिसेल.